एकाच खडकाचं पाणी

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदाच त्यांच्या अर्धवट विहिरीकडे गेले, तर आतून आवाज आला — ठक्... ठक्... क्षणभर वाटलं, बाबाच खणताहेत.

वाकून पाहिलं. एक तरुण कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून हातोडीनं दगड ठोकत होता.

"कोन हाये तुमी?"

"शालिग्राम. मानोऱ्याचा. सरकारनं मेडशीच्या इहिरी पाहाले धाडलं."

"मंग वरून दिसत नाही काय?"

"दगड वरून बोलत नाही ना..." तो हसला. "तुमच्यावानी."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

सन अडतीसचा उन्हाळा होता तो. बाबांना ही विहीर आणखी खोल न्यायची होती. त्यांचं तेवढंच राहून गेलं होतं, आणि ते मला पुरं करायचं होतं. शालिग्राम म्हणाला, खालचा काळा पाषाण कोरडा आहे. पाणी आहे ते वरच्या कुजक्या खडकात, आणि शेजारच्या तुळसाबाईची विहीरही त्याच खडकावर जगते.

"एका घागरीले दोन भोकं कायले?"

"दाखवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या विहिरीवर मोट हाकली. तो मळ्यापलीकडे, तुळसाबाईच्या विहिरीत पाण्याची पातळी मोजायला खडू फासलेली फीत सोडून उभा. वांग्यांच्या ओळींवरून मी पाहावं, तर त्याची नजर इकडेच.

"फीत पाहा, मले नोका पाहू!"

"पाहूनच राह्यलो... पाणी खाली चाललं, अंजनाबाई."

उन्हं कलताना तुळसाबाईची बादली तिच्या विहिरीच्या तळाच्या दगडावर आपटली. ती माझ्याजवळ आली. "पोरी, तुह्या बापाले हे माईत नव्हतं," एवढंच म्हणाली आणि डोक्यावरून हात फिरवला.

शालिग्रामच्या अहवालावरून तहसीलदार हुकूम काढणार होते — या पट्ट्यात नवं खोदकाम नाही, मोटा पाळीनं. म्हणजे बाबांची विहीर अशीच राहणार.

"नोका लिहू," मी म्हटलं.

"मंग तुळसाबाईनं काय प्यावं?" त्यानं मान खाली घातली. "तुमी म्हनसान ते आयकू वाटते मले. कायी बी. पन हे नाही."

मला त्याचा संताप आला. आणि उद्या हा जाईल, हेही सोसवेना. दोन्ही एकदम कसं, ते कळेना. मी स्वतःच मोटेचे बैल सोडले.

"लिहा... पन पाळी नीट चालली का नाही, ते पाहाले कोन येईन?"

"सरकार सालाकाठी एकदा धाडते."

"एकदाच?"

"मी मेडशीतच राह्यलो तर?" त्याचा आवाज अडखळला. "तुमच्यासाठी... चालन?"

मला रडू फुटलं. बाबांसाठी, की — खरंच समजलं नाही.

"राहा," मी म्हटलं.