निघोज्याचा कडुनिंब

ज्याने आयुष्यभर झाडे जगविली, त्याच्याच माथी झाड मारल्याचा आळ यावा, याहून दारुण ते काय? आळ खोटा असला, तरी तो धुतला जाईपर्यंत माणूस आतून जळत राहतो.

"बाई, पाच वाजता बाबांना पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत. तुम्ही याच!"

फोनवर आम्रपाली होती. पद्मजाबाई ताथवड्याच्या महाविद्यालयात उद्यानकलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आम्रपाली त्यांची विद्यार्थिनी. तिचे वडील भिवा निघोज्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षे माळी होते.

बाई पोहोचल्या तेव्हा चार वाजले होते. आम्रपाली वडिलांजवळ उभी होती. नव्या शेडच्या जागेवरून उपटून बागेत आणून लावलेला जुना कडुनिंब निष्पर्ण उभा होता. त्याच्या बुंध्यापर्यंत हिरवळ मात्र लुसलुशीत होती.

व्यवस्थापक सुरेंद्र म्हणाले, "महिन्यापूर्वी बागेच्या उद्घाटनाला झाड हिरवेगार होते. फोटो आहेत. चार दिवसांत सुकले. भिवाच्या खोलीत तणनाशकाची बाटली सापडली, अर्धी रिकामी."

"कोणाला सापडली?"

"मला," उद्यानाचा ठेकेदार सिद्धेश पुढे झाला. "ह्यानंच बुंध्याशी ओतलं. बाई, विल्यम केंटच्या धर्तीवर आखलंय हे सगळं. अठराव्या शतकात त्यानं इंग्लंडातल्या आखीवरेखीव बागा मोडून निसर्गासारखी बाग उभी केली. त्याचं चित्र आहे माझ्या ऑफिसात. आणि ह्या अडाण्यानं..."

"केंट मलाही ठाऊक आहे. भिवा, तुम्ही सांगा."

भिवा पुढे आले. "उद्घाटनाआधी ह्या ठेकेदारांनी मला झाडाजवळ जाऊच दिलं न्हाई, बाई. नंतर पानं सुकली, ती ह्यांच्याच माणसांनी झाडून नेली. मी रोज पाणी घातलं. लेकरावानी."

बाईंनी खालची एक फांदी वाकवली. ती कटकन मोडली. तिच्यावर बारीक तारेचा वेढा होता.

"बुंध्याशी खणा."

"नको! मुळं दुखावतील!" सिद्धेश ओरडला.

"तुम्हीच तर झाड मेले म्हणता."

दोन हात खणल्यावर झाड हलवताना मुळांभोवती गुंडाळलेले गोणपाट लागले. त्यातून एकही नवे पांढरे मूळ बाहेर आले नव्हते. कापलेली टोके ठणठणीत कोरडी होती आणि त्यांवर वाळवीची जुनी घरे.

"सुरेंद्रराव," बाई शांतपणे म्हणाल्या, "तणनाशक ओतले असते तर आधी गवत जळाले असते. झाड कोणीच मारले नाही. ते मेलेलेच आले. उपटून ठेवल्यावर किती दिवस उन्हात पडले होते, सिद्धेश?"

सिद्धेशची मान खाली गेली. "दोन महिने. क्रेनच मिळेना. झाड जगवण्याच्या अटीवरच शेडची परवानगी होती."

"म्हणून वठलेल्या फांद्यांना तारेने हिरवे डहाळे बांधलेत. ते सुकणारच होते, तेव्हा दोषी हवा होता, म्हणून भिवांच्या खोलीत बाटली ठेवलीत. केंटनेही बागेत वठलेली झाडे लावली, असे सांगतात. पण त्याने ती वठलेली म्हणूनच लावली. त्यासाठी कोणा गरिबाला गुन्हेगार ठरवले नाही."

सुरेंद्रांनी भिवांपुढे हात जोडले. भिवांचे तिकडे लक्षच नव्हते. ते खड्ड्याकडे पाहत होते.

"म्हंजी महिनाभर मी मढ्याला पाणी घालत व्हतो व्हय?"

आम्रपालीने त्यांचा मातीने माखलेला हात हाती घेतला. तेव्हा कुठे ते रडले.

पाणी घालणाऱ्या त्या हातांना जिवंत मुळे लाभोत. त्या लेकीचे मंगल होवो. आणि ज्याने भयापोटी असत्य रचले, त्यालाही सत्य सोसण्याचे बळ मिळो.