‘डिनाउन्स’चं तिसरं उदाहरण

“थांबा! हात वर!”

आवाज दबकाच होता, पण मी अशी दचकले, की हातातली कात्री सुटली आणि गळ्यातल्या नाडीला लटकून झोके घ्यायला लागली. वाचनालयातल्या वीस-पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. मी खाली पाहिलं. समोर इंग्रजी वर्तमानपत्र, त्याच्या मधोमध एक सुबक चौकोनी भोक. भोकातला कागद माझ्या डाव्या हातात!

शपथेवर सांगते, मी हे ठरवून केलं नव्हतं. पण आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मी दिवसभर दुसरं काही करतच नाही. इंग्रजी शब्द लोक खरोखर कसा वापरतात ते दाखवणारं छापील वाक्य दिसलं, की कापायचं, कार्डावर चिकटवायचं, खाली तारीख घालायची. कचेरीतले पेपर त्यासाठीच आणलेले असतात. वाचनालयातले नसतात, एवढंच माझ्या हाताला कळलं नव्हतं.

माझ्यासमोर वाचनकक्षाचा सहायक उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना डिंक, चष्मा कपाळावर. आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

“काय कापलंत एवढं महत्त्वाचं?”

“‘डिनाउन्स’,” मी पुटपुटले. “शब्द आहे... आमच्या कोशातला. उदाहरण सापडलं आणि... हात आपोआप—”

“म्हणजे काय?”

“सवयीने हो—”

“सवयीचं कळलं. शब्दाचा अर्थ विचारतोय.”

अर्थ विचारला, की मला भीती राहत नाही. “चारचौघांत, उघडपणे एखाद्याला दोषी ठरवणं. नुसती निंदा नाही, ती पाठीमागेही करता येते. दटावणंही नाही, ते दोघांत उरकतं. याला समोर माणसं लागतात. आणि बोलणाऱ्याची खात्री लागते, की समोरच्याने खरंच वाईट केलंय. आता या बातमीत बघा, पुलाच्या कंत्राटदाराला त्याच्याच संघटनेने भर सभेत—”

“अच्छा. म्हणजे ते,” तो म्हणाला आणि त्याने दाराकडे बोट केलं.

दाराशी काचेचा फलक होता. वाचनालयाचा नियम जुना आणि कडक: जो कागद फाडेल किंवा कापेल, त्याचं नाव गुन्ह्यासकट महिनाभर तिथे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. शिवाय पास रद्द. जुने इंग्रजी पेपर गावात फक्त इथे मिळायचे. पास गेला, की कोशातून माझी उचलबांगडी ठरलेली.

त्याने भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“मागून पातळ कागद लावून चिकटवता येईल,” तो हळूच म्हणाला. “पण शिक्षा आहे. रोज चार वाजता माझ्या समोरच्या टेबलावर बसायचं. हवी ती वाक्यं हाताने उतरवून घ्यायची. आणि ही कात्री जमा!”

मी निमूटपणे गळ्यातून नाडी काढून त्याच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली. डिंकच होता बहुतेक, कारण हात लगेच सुटले नाहीत.

आमच्या मोठ्या सरांना, म्हणजे कोशाच्या संपादकांना, प्रत्येक अर्थाला तीन उदाहरणं लागतात. एक कंत्राटदाराचं उतरवलं. दुसरं चौथ्या दिवशी सापडलं. तिसरं काही सापडेना. खरं सांगू? मी फार जोर लावून शोधतही नव्हते.

तो मात्र रोज ‘डिनाउन्स’ वापरून रचलेल्या इंग्रजी वाक्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर सरकवायचा आणि मराठीत वाचून दाखवायचा.

“‘चार वाजून दहा मिनिटांनी येणाऱ्या कात्रीवालीचा सहायकाने धिक्कार केला.’ चालेल?”

“नाही. घरी बसून रचलेलं वाक्य सर घेत नाहीत. कुणीतरी खरोखर, लोकांसमोर वापरलेलं हवं. आणि दहा मिनिटांसाठी कुणी ‘डिनाउन्स’ करत नाही, तेवढा मोठा गुन्हा नाही तो.”

“आणि दोन दिवस आलीच नाहीस... नाहीत तर?”

त्या ‘नाहीस’ने माझे कान तापले. “त्याला नुसती तक्रार म्हणतात.”

“मग करतो तक्रार. कुणाकडे करू?”

मी मान खाली घातली आणि एकच ओळ तीनदा उतरवली.

घरी ताईसमोर मी अखंड बडबडायचे. तो पेपर कसा घडी घालतो, म्हाताऱ्या वाचकांना भिंग कसं आणून देतो, हसू आलं की चष्मा कसा खाली ओढतो... ताई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “अगं, तू शब्दाचा अर्थ शोधायला जातेस ना? हे वर्णन कोणत्या शब्दाचं चाललंय?”

“ताई!”

“मी काय म्हटलं? चिमटे दे.”

मग सरांनी मला चार दिवस छापखान्यात पाठवलं, मुद्रितं तपासायला. चार दिवस! घड्याळात चार वाजले, की माझी पेन्सिल थांबायची. पाचव्या दिवशी मी वाचनालयाच्या पायऱ्या पळतच चढले. दाराशी पोचले... आणि तिथेच खिळले.

फलकावर नवा कागद होता. ‘वर्तमानपत्र कापल्याबद्दल: सहायक, वाचनकक्ष.’

भिंगवाले आजोबा माझ्या शेजारी उभे होते. “पोरगा भला वाटायचा हो,” ते हळहळले. “मोठ्या ग्रंथपाल मॅडमना ठिगळ दिसलं. त्यांनी विचारलं, तर हा म्हणाला, मीच कापलं. आता कक्षप्रमुख व्हायचा होता, तेही गेलं.”

मी तरातरा त्याच्या टेबलाशी गेले. “का केलंत हे?”

“हळू बोला. वाचनकक्ष आहे.” चष्मा डोळ्यांवर, नजर पेपरात.

“का केलंत?”

“तुमचं नाव लागलं असतं तर पास गेला असता. मग...” तो अडखळला. “मग चार वाजता इथे कोण आलं असतं?”

मला रडूही आलं, हसूही आलं आणि दोन्हींपेक्षा राग जास्त आला. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो कागद वाचत होता. मी पाडलेल्या भोकासाठी त्याचं नाव खराब होत होतं! नोकरीचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. सरळ दालनाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“ऐका!”

त्या दालनात इतक्या मोठ्याने कुणी कधी बोललं नसावं. माना वळल्या. आतल्या खोलीतून मोठ्या मॅडम बाहेर आल्या.

“तो पेपर मी कापलाय. या कात्रीवालीने! यांनी नाही. आणि आता सगळ्यांसमोर मी या सहायकाचा धिक्कार करते! खोटं बोलल्याबद्दल. मला न विचारता माझा गुन्हा ढापल्याबद्दल. सगळे रोज तो फलक वाचतायत आणि हे खुशाल घड्या घालत बसलेत, त्याबद्दल! आणि... आणि...”

“आणि?” मॅडमनी करड्या आवाजात विचारलं.

“आणि चार वाजले, की मला दुसरं काही सुचत नाही, त्याबद्दल!”

त्याने चष्मा खाली ओढायला हात नेला, पण चष्मा आधीच नाकावर होता. कान लालबुंद झाले होते. डोळ्यांचं नंतर सांगते म्हटलं होतं ना? त्या क्षणी ते माझ्यावरून हलत नव्हते आणि मी त्यांत पुरती बुडाले होते.

मॅडम विरघळल्या वगैरे नाहीत. त्यांनी जुना कागद काढला आणि दोन नवे लावले: माझं नाव कापल्याबद्दल, त्याचं लपवल्याबद्दल. माझा पास महिनाभर बंद. त्याच्या बढतीचं मात्र ‘पुढच्या बैठकीत पुन्हा पाहू’ म्हणाल्या. इंग्रजी मजकुरात त्यांनी घडलेलं सगळं एका वाक्यात लिहिलं होतं, आणि त्या वाक्याच्या मध्यावर ‘डिनाउन्स’ हेच क्रियापद होतं! ते मी तिसऱ्या कार्डावर उतरवून घेतलं.

मोठे सर आधी अर्धा तास कडाडले. मग त्यांनी विचारलं, “मजकुरावर तारीख आहे?” आहे म्हटल्यावर त्यांनी कार्डावर सही केली. महिनाभर मला मुद्रितांना जुंपलं, पण काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. आत जायची बंदी, पायरीवर बसायची नव्हती. तो बाहेर आला, खिशातून माझी कात्री काढली आणि नाडी गळ्यात घातली. खूप हळू, केसांत अडकू न देता.

तेवढ्यात भिंगवाले आजोबा फलकासमोर थांबले. शेजारी शेजारी लावलेली दोन नावं त्यांनी भिंगातून नीट वाचली, वरची तारीख वाचली आणि मोठ्याने विचारलं, “ही तुमच्या लग्नाची नोटीस का हो? हरकत घ्यायची मुदत किती दिवसांची?”

मी पदराखाली तोंड लपवणार, तर अंगावर पदरच नव्हता. ओंजळीत लपवलं. ओंजळीआडून मला त्याचा आवाज ऐकू आला. दबका नाही, चांगला खणखणीत, सगळ्या पायऱ्यांवर ऐकू जाईल असा.

“माझी काही हरकत नाही, आजोबा!” आणि मग माझ्याकडे वाकून, “तुझी आहे?”