मोहोळकड्याचा दोर

टोपलीभर मोहफुलं वेचून हंसा ताठ उभी राहिली, तेव्हा तिला समोरच्या कड्याला एक माणूस पालीसारखा चिकटलेला दिसला.

फार उंच नव्हता तो. पण ना वर जात होता, ना खाली येत होता. त्याची सायकल मात्र पळसाच्या बुंध्याला टेकून निवांत उभी होती.

"ओ भाऊ," हंसानं हाक मारली, "कड्यासंगं कानगोष्टी करून राह्यले का?"

"पाय..." वरून आवाज आला. "पाय कुठं ठेवू, ते दिसत नाही."

"डावा पाय खाली सोडा. अजून... अजून थोडा. तथी बकरीचं नाक हाय."

"काय आहे?"

"बकरीचं नाक! ठेवा पाय, शिंकत नाही ते."

पाय टेकला. मग दुसरा. माणूस खाली उतरला आणि तळहात झटकत, ओशाळून हसला. पांढरा सदरा तांबड्या धुळीनं माखला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. हंसानं ओढणी सावरली. पण नजर वळवायला तिला अंमळ उशीरच झाला. मोहाचा गोड, जड वास दोघांच्या मध्ये रेंगाळत होता...

"मी हिरासिंग राठोड. दारव्ह्याच्या शाळेत शिक्षक आहे. आमचा तांडा राळेगावकडं."

"आमच्यासारखे गोरमाटी, बंजारे हाय, अन् कड्यावर अडकले?"

"आमच्याकडं सगळी कापसाची काळी जमीन. कडा सोडा, आंबा पाडायला खडा मिळत नाही. चढायला मी नागपूरला शिकलो, कॉलेजात असताना." त्यानं चष्मा पुसला. "तिथल्या गिर्यारोहण मंडळानं मला काम दिलंय. आपल्या मुलखातल्या कड्यांवर कोण चढलं, कधी चढलं, कुठल्या वाटेनं चढलं... त्याचा इतिहास लिहायचा."

"इतिहास तं राजाचा ऱ्हायते ना?"

"राजा कशाला कडा चढतो? तो खाली बसून हुकूम सोडतो. जो चढला, त्याचा इतिहास."

हे वाक्य हंसाला फार आवडलं. कोणी आपल्या घराची तारीफ करावी, तशी तिची मान आपोआप उंचावली. "मी हंसा. मंग चला," ती म्हणाली, "आमचा इतिहास दाखवते. आमी तो दगडावरच ठेवला हाय."

ते साल एकसष्टचं. महाराष्ट्र राज्य होऊन एक वर्ष झालेलं. दारव्ह्याच्या बाजूच्या टेकड्यांत हा पवारांचा तांडा होता. हंसाचे पणजोबा-खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. पुढं आगगाडी आली, बैलांचं काम गेलं, आणि तांडा या कड्याच्या पायथ्याशी विसावला. कड्याला दर वर्षी आग्या मोहोळं लागत, म्हणून तो मोहोळकडा. मध काढायचा तर दोर हवा. एकानं कडा चढायचा, आणि दुसऱ्यानं माथ्यावर बसून त्याच्या कमरेचा दोर धरायचा. वरच्याचा हात ढिला पडला, तर खालच्याचा जीव गेला.

कड्याच्या तळाशी एक खोल कपार होती. तिथं हंसानं हात केला, आणि हिरासिंग बघतच राहिला. भिंतीवर गेरूचे पंजे होते. जुने, नवे, काही पुसट झालेले. आणि सगळे जोडीनं.

"उजवा पंजा चढणाराचा, डावा दोर धरणाराचा," हंसा म्हणाली. "जोडी नसन तं पंजा नाही. हा माह्या आजाचा. हा आमच्या तांड्याच्या मुखियाचा, उकंडा नाईकाचा... अन् एक पंजा अथी पाहिजे होता, तो नाही."

"कोणाचा?"

"माह्या याडीचा. माह्या आईचा."

ती गोष्ट हंसानं त्याला खालच्या धोंड्यावर बसून सांगितली. ती लहान होती तेव्हाची. तिचा बाप मधासाठी कड्यावर चढला होता, आणि अचानक मोहोळ उठलं. खाली जमलेली माणसं पळाली. माथ्यावर मामा दोर धरून होता. डंखांनी तोही बेशुद्ध पडला. दोराचा एक वेढा झाडाला होता, म्हणून बाप खाली कोसळला नाही, पण अर्ध्या कड्यावर शुद्ध हरपून लटकत राहिला. तेव्हा आई, बसंतीबाई, पेटता पलिता दातात धरून कड्याच्या मधल्या उभ्या भेगेतून वर गेली. दोर नाही, काही नाही. नवऱ्याला तिनं ओढून भेगेतल्या एका खाचेत टेकवलं, तशीच वर जाऊन माथा गाठला, भावाला हलवून जागं केलं, आणि दोघांनी मिळून त्याला वर खेचलं. माणसं परतली तेव्हा तिघंही माथ्यावर होती.

"मंग सारे म्हनले, बसंती मागच्या पायवाटेनं गेली असन. भेगेतून कोन्ही चढलं नाही, बाईमानूस कशी चढन? बा अन् मामा तं बेशुद्ध होते. कोन सांगनार?"

"त्या स्वतः काय म्हणतात?"

"म्हनते, मले नाव नाही पाहिजे. पन कपारीपुढून जाते ना, तवा रिकाम्या जागेकडे पाहातेच." हंसानं त्याच्याकडं रोखून बघितलं. "तिच्या हातातली एक बलिया... हाडाची बांगडी हो... त्या भेगेत अडकून राह्यली. हात सुटला, बांगडी नाही सुटली. तुमी लिहा तिचं नाव."

हिरासिंगनं वर भेगेकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही, हंसा."

"माह्यावर इस्वास नाही?"

"आहे. पण उद्या कोणी विचारलं, कशावरून? तर 'हंसानं सांगितलं' असं लिहू का?"

"लिहा ना! काय वाईट हाय?" ती फणकारली, आणि टोपली उचलून चालू लागली. पण त्यानं आपल्याला नावानं हाक मारली, हे घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात राहिलं.

मग हिरासिंग दर रविवारी येऊ लागला. उकंडा नाईकाच्या ओट्यावर बसून तो म्हाताऱ्यांना विचारी, आणि म्हातारे सांगत, "साल काय म्हाईत बापा, पन त्या वर्सी टोळधाड आलती." मग तो टोळधाडीचं साल शोधून काढी. चढण्याच्या वाटा मात्र त्याला हंसा समजावून देई. बकरीच्या नाकावरून म्हातारीचा दात, तिथून उंटाची मान. तो लिहिताना ओठ हलवतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. आणि ती बोलताना तो लिहायचं विसरतो, हे साऱ्या तांड्याच्या.

"गुर्जी, लिहा ना. थांबले काहून?"

"पेन्सिल झिजली."

"पेन्सिल कानावर हाय तुमच्या."

वैशाखात मोहोळं उडून गेली, आणि मधली भेग मोकळी झाली. हिरासिंगनं नागपूरहून नवा दोर मागवला. तो घेऊन तो ओट्यावर आला, तेव्हा सारा तांडा जमला होता. त्याचा विचार सरळ होता. माथ्यावर दोर धरायला भरवशाचा माणूस हवा, आणि हंसाचा थोरला भाऊ धावजी बैलासारखा दणकट होता.

"धावजी," हिरासिंग सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "तू माझा दोर धरशील का?"

म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. मग कुठंतरी एक बाई फिसकन हसली, आणि हसण्याचा नुसता कल्लोळ उसळला. हंसाच्या हातातला पाण्याचा लोटा खाली पडला. धावजीनं डोकं खाजवलं.

"मी काय सांगू गुर्जी? याडीले इचारा. तिलेही इचारा."

"तिला? कोणाला?"

उकंडा नाईकानं हसू मिशीत दाबलं. "बापा, आमच्या तांड्यात दोर बायकोचा भाऊच धरते. भाऊ मेला तरी दोर सोडनार नाही; काहून का खाली त्याच्या बहिनीचं कुंकू लटकून ऱ्हायते. दोर धर म्हनलं, म्हंजे तुही बहीन दे म्हनलं. तुमी तं भर सभेत मागनी घातली!"

हिरासिंगचे कान पळसाच्या फुलासारखे लाल झाले. "नाही... नाही हो! मला माहीत नव्हतं. माझ्या मनात तसं काहीच नव्हतं..."

हंसा उठली. कोणाकडं न बघता घरात गेली. 'काहीच नव्हतं.' बस, एवढंच तिनं ऐकलं.

पुढच्या रविवारी ती कपारीत बसून होती. सायकलची घंटी वाजली, तरी तिनं मान वळवली नाही.

"हंसा, मी खोटं बोललो."

ती भिंतीवरच्या पंजांकडंच बघत राहिली.

"मी म्हणालो, मनात काही नव्हतं. ते खोटं होतं. पण मागणी घातली, तेही खरं नव्हतं, कारण मला रीतच ठाऊक नव्हती. असं न समजता मागितलेलं तुझ्या माथी मारायचं... ते मला बरं वाटेना." त्यानं दोर जमिनीवर ठेवला. "धावजीला मी पुन्हा विचारणार नाही. कडा चढण्यासाठी बायको मागितली, असं उद्या कोणी म्हणायला नको. मी बिनदोराचा चढतो."

आता मात्र ती ताडकन उभी राहिली. "बकरीच्या नाकावर अडकनारा मानूस बिनदोराचा चढन?"

"तुझ्या आईचं नाव लिहायचंय मला. पाहिल्याशिवाय..."

"लिहीत नाही! म्हाईत हाय!" तिनं दोर उचलून खांद्यावर टाकला. "मी धरते."

"तू? पण रीत..."

"रीत काहून हाय, सांगा? भाऊ दोर धरते बहिनीच्या जिवासाठी. मंग तो बहिनीनंच धरला तं काय बिघडलं?" तिनं खांद्यावरचा दोर घट्ट धरला. "धावजीले जेवढं भेव वाटन, त्याच्याहून मले जास्त वाटते."

वारा पडला होता. पळसाचं एक पान टपकन खाली पडलं... आणि हंसा मागच्या पायवाटेनं माथ्याकडं निघालीसुद्धा.

बातमी तांड्यात पोचायला वेळ लागला नाही. सारे कड्याखाली गोळा झाले. बसंतीबाई मागं, एकटीच उभी राहिली.

माथ्यावर हंसानं दोराचं एक टोक हिरासिंगसाठी खाली सोडलं, वेढा झाडाला घातला, टाचा दगडाला रोवल्या, आणि दोर पाठीवरून घेतला. तिला खालचं काही दिसत नव्हतं. फक्त दोर बोलत होता. तो सैल पडला की ती ओढून घेई. बकरीचं नाक... म्हातारीचा दात... आता भेग सुरू. मधेच दोराला जोराचा हिसका बसला! तळहात भाजल्यासारखे झाले, खाली कोणीतरी किंचाळलं. हंसानं दात आवळले आणि दोर तसूभरही जाऊ दिला नाही. हळूहळू तो पुन्हा सैल झाला. पाय सापडला होता त्याला.

मग दोर बराच वेळ हललाच नाही. आणि नंतर... दोन हलके झटके. जणू कोणी दारावर टकटक करावी. हंसा एकटीच हसली आणि तिचे डोळे भरून आले.

तो माथ्यावर आला, तेव्हा कोपरं सोलली होती आणि चष्म्याची एक काच तडकली होती. तिचे सोललेले तळहात त्यानं हातात घेतले, आणि खालच्या माणसांसाठी सारा जीव एकवटून ओरडला, "आहे! बांगडी आहे! वरून हात पोचत नाही, बाजूनं पोचत नाही. भेगेतून चढल्याशिवाय तिथं कोणी जाऊच शकत नाही!"

खाली आल्यावर बसंतीबाईनं हळूच विचारलं, "कशी हाय ती?"

"पिवळी पडलीय, पण शाबूत आहे. मी काढली नाही. ती जिथं आहे, तिथंच पुरावा आहे."

"बरं केलं, बापा." बसंतीबाईनं आपल्या मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. "धनी गेले तवा साऱ्या उतरवल्या. ती एक राह्यली. ती कड्यानं सांभाळली."

उकंडा नाईक पुढं झाला. स्वभावानं कडक माणूस, पण दिसलेलं नाकारणारा नव्हे. त्यानं गेरू कालवला आणि वाटी बसंतीबाईपुढं धरली. "मार पंजा, बसंती. पन जोडीचा डावा कोनाचा? दोर तं कोन्हीच धरला नव्हता."

बसंतीबाईनं दोन्ही हात गेरूत बुडवले, आणि कपारीतल्या त्या रिकाम्या जागेवर दोन्ही एकदम टेकवले. उजवा आणि डावा. "चढनारी मी," ती म्हणाली, "अन् धरनारीबी मी."

कोणी हसलं नाही. धावजीनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. हंसाला वाटलं, आज कड्यापेक्षा आपली आई उंच दिसते.

हिरासिंग धोंड्यावर बसून लिहू लागला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून वाचतही गेला. "मोहोळकडा. मधली भेग. पहिली चढाई, बसंतीबाई पवार. दोर नाही. पुरावा जागेवर, स्वतः पाहिला." मग तो जरा थांबला. "दुसरी चढाई, हिरासिंग राठोड. दोर धरला..." पेन्सिल अडली. त्यानं वर न बघताच विचारलं, "धावजी, या वेळी समजून विचारतो. यापुढं माझा दोर धरशील का?"

"मी कायले?" धावजी म्हणाला. "तुमाले तं धरनारी भेटली ना! मी नुसता वेढा पाहात बसतो."

हशा उसळला. उकंडा नाईकानं बसंतीबाईकडं बघितलं, आणि तिनं गेरूभरल्या हातांनीच पदर डोळ्यांना लावून मान डोलावली. त्या गडबडीत हिरासिंग हंसाकडं झुकला.

"नाव काय लिहू? हंसा पवार... की हंसा राठोड?"

हंसानं त्याच्या कानावरची दुसरी पेन्सिल काढून घेतली आणि गालातल्या गालात हसली.

"थांबा ना, गुर्जी. पाहिल्याशिवाय लिहीत नाही ना तुमी? मंग आधी लगन पाहा... मंग लिहा."