दोन चिकटलेली पानं

क्रांतीचं पत्र येऊन पंचेचाळीस दिवस झाले होते आणि जोतीरामांनी अजून उत्तर धाडलं नव्हतं. लिहिलं होतं, तेही सात वेळा. पण सातही वेळा 'सप्रेम' की 'सादर' इथंच अडून त्यांनी कागद फाडला होता.

पत्र लहानसंच होतं. 'वायरी मी दोन मिनिटांत बदलल्या. तुम्ही यायचं का थांबवलं? पुस्तक वाचून दाखवणारा कुणीही मिळेल, मला तुम्ही हवे आहात. जन्मभरासाठी. होय की नाही ते लिहून कळवा. फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता.'

एकसष्ट वर्षांचा, लग्नाची वाट कधीच चुकलेला निवृत्त ग्रंथपाल असलं काही वाचायला तयार नसतो. आपलाच वाचण्यात घोळ झाला असणार, असं जोतीरामांना वाटलं. एक घोळ त्यांनी केलाच होता ना!

ओळख झाली ती गेल्या वर्षी, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर. इंजिनांवरचं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी सवयीनं नाकाशी नेलं, तोच मागून आवाज आला, "पावणं, घेणार हाय का नुसता वासच?"

त्यांनी वळून पाहिलं. कपाळावर पांढरी बट, नखांत ऑइल आणि डोळ्यांत मिश्कील हसू. वडिलांच्या माघारी शिवाजी पेठेतलं गॅरेज एकटीनं चालवणारी क्रांती.

"तुम्हाला... हवंय का?"

"हवंय की. पण इंग्रजीचं आमचं जमत न्हाय."

"मी वाचून दाखवेन," ते म्हणाले, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच दचकले.

मग दर शनिवारी जोतीराम जुन्या टायरवर बसून पुस्तक मराठीत सांगायचे आणि ती बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकायची. मधेच मान वर काढून हसायची, की यांची ओळ हरवायची.

पावसाळ्यानंतर आदर्श नावाच्या एका शर्यतवाल्यानं आपली जीप आणली. तिला बाहेरून विकत आणलेला नवा कॉम्प्युटर बसवायचा होता. ठिणगी कधी पाडायची ते हा कॉम्प्युटर ठरवणार, आणि इंजिनाचं दातेरी चाक फिरताना एकेका दाताची खबर त्याला पिकअप सेन्सर देणार. सेन्सरच्या वायरी दोन, आणि दोन्ही काळ्या.

"बघा पुस्तकात, पॉझिटिव्ह कंची?"

"डावी," जोतीरामांनी वाचून सांगितलं.

जीप जागेवर झकास चालली, पण शर्यतीत वेग घेतला आणि खोकायला लागली. आदर्श सगळ्यांत शेवटी आला आणि गॅरेजात येऊन नाही नाही ते बोलला. क्रांतीनं मीटर लावून सेन्सरजवळ पाना नेला. काटा उजवीकडं जायचा, तो डावीकडं गेला. वायरी उलट्या जोडल्या होत्या. पुस्तकाची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, आणि जोतीरामांनी एका सेन्सरचं वाक्य सुरू करून भलत्याच सेन्सरवर संपवलं होतं!

त्यानंतर ते गॅरेजकडं फिरकले नाहीत. तिचं पत्र आलं तेव्हा तेही त्यांनी उजेडात धरून पाहिलं... याची तर दोन पानं चिकटली नाहीत ना?

आज सकाळी ते दूध घेऊन परतत होते, तर एक जीप कचकन शेजारी थांबली.

"पत्र पोचलं?" क्रांतीनं विचारलं.

"हं."

"बघा! परत हं! वाचलं का तरी?"

"पाठ आहे..."

तिनं जीपचं इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "बरं. मी परवा आजऱ्याला चाललोय. भैनीच्या काजू कारखान्यातली मशिनं बघाय माणूस पायजे. गॅरेजला कुलूप."

"कायमचं?"

"हितं थांब म्हणणारं कोण हाय?"

जोतीरामांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "उत्तर... आज लिहितो."

"अवो, तोंडानं सांगा की!"

"तोंडानं सांगताना चुकतं माझ्याकडून."

तिनं कपाळावर हात मारला. "मग बसा गाडीत. पोस्टात जाऊ."

पोस्टाच्या दारात, जीपच्या गरम बॉनेटवर आंतर्देशीय पत्र ठेवून ते लिहू लागले. क्रांती पाठ फिरवून उभी होती, पण मान मात्र पुन्हा पुन्हा इकडं वळत होती.

'होय. शनिवारीच नव्हे, रोज. वाचताना चुकत जाईन, सांभाळून घ्या. तुमचा, जोतीराम.'

त्यांनी पत्र चिकटवलं आणि वर तिच्याच गॅरेजचा पत्ता घातला.

"द्या हिकडं," तिनं हात पुढं केला.

"नाही... पत्ता लिहिलाय."

"पत्त्यावरचं माणूस फुडं उभारलंय की, अवो!"

"पोस्टानं दोन-तीन दिवस लागतील," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर न चुकवता तिच्याकडं पाहिलं. "पोस्टमन येईपर्यंत तुम्हाला आजऱ्याला जाता येणार नाही."

कानांच्या पाळ्या लाल झाल्या तशी क्रांतीनं पदराशी चाळा केला. "लई आतल्या गाठीचं हाय की हो तुम्ही..."

जोतीरामांनी पत्र लाल पेटीच्या तोंडाशी धरलं, एक मोठा श्वास घेतला... आणि सोडून दिलं.