विनायकरावांचा तिरका सुळा

"डॉक्टरनं दुसऱ्याचेच दात माझ्या गळ्यात मारलेत!" विनायकराव परचुरे बोळक्या तोंडानं कडाडले.

१९७४ साल. भवानीपुरातल्या मराठी मंडळींत काही गोलमाल झाला, की मीनाक्षीबाई केळकरांना बोलावणं जाई. सोबत यजमान दिनकरराव येत. बँकेत हुशार, बाहेर भोळा सांब.

विनायकरावांच्या नातीचं लग्न परवावर आलेलं. मंगलाष्टकं त्यांनीच रचलेली, म्हणणारही तेच. त्यासाठी वरखाली पूर्ण कवळी करून घेतलेली. काल दवाखान्यात झकास बसली, आज बसेचना.

तरुण बंगाली दंतवैद्य डॉ. शिशिर पाल चेहरा पाडून उभे होते. "माझी पहिलीच पूर्ण कवळी," ते हिंदीत म्हणाले. "जबड्याचे एक्स-रे काढले. यांच्या लग्नातला फोटो समोर ठेवून दात लावले. वरचा तिरका सुळासुद्धा तसाच ठेवला."

मीनाक्षीबाईंनी कवळी उजेडात धरली. सुळा तिरकाच होता. टाळूचा गुलाबी रंग मात्र पांढुरका पडला होता. तडा कुठेच नव्हता.

"मी पाडली नाही हं," सून शकुन न विचारताच म्हणाली. "रात्री नुसती गार पाण्यात ठेवली."

स्वयंपाकघरात विनायकरावांच्या पत्नी प्रेमलताबाई पातेल्यात वाट्या उकळत होत्या. "शेजारच्या घोषबाईंकडून परत आल्यात. मासेवाल्या घरातलं मी उकळल्याशिवाय घेत नाही."

"सूनच!" दिनकरराव कुजबुजले. "पाडली असणार."

"मग तडा कुठाय?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "सुळा तिरका, म्हणजे कवळी हीच. बदललाय तो आकार. उकळत्या पाण्यात हे प्लॅस्टिक वाकतं, रंगही उडतो. आणि डॉक्टरांच्या घरी मासे शिजतात." त्यांनी आवाज मऊ केला. "वहिनी, पहाटे उकळलीत ना?"

प्रेमलताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "देवाब्राह्मणांसमोर म्हणायचं होतं त्यांना. तोंड शुद्ध हवं ना! त्यांच्या गाण्याची सगळ्यांत जास्त वाट मीच पाहत होते, आणि मीच..."

"अगं, मला विचारायचंस तरी!" म्हणता म्हणता विनायकरावांनाच हसू फुटलं.

डॉ. पालांच्या तोंडावर रंग परतला. "साचे आहेत माझ्याकडे. लग्नाआधी नवी देतो."

त्यांनी शब्द पाळला. लग्नात ते पहिल्या रांगेत बसले होते. मराठीतलं ओ की ठो त्यांना कळत नव्हतं. पण विनायकरावांचं पहिलं 'सावधान' न फुसफुसता मांडवभर घुमलं, तेव्हा अक्षता टाकायचं विसरून ते टाळ्या वाजवू लागले. सगळे वळून पाहू लागले. त्यांच्या पाठोपाठ टाळी वाजवली ती प्रेमलताबाईंनी.