मोळीयंत्राची चोरी

“पोरी, वाढ शेंड्यावरून सांगू न्हाई. बुडाला हात लावून बघावं.”

चकलांब्याच्या बाजरीत उभ्या असलेल्या आईचा हा आवाज प्रियदर्शनीच्या कानात लहानपणापासून रुजलेला. आता ती जिल्ह्याच्या कार्यालयातून वडवणीच्या यंत्रवसाहतीत येई. उसाच्या कामाची नवी अवजारं घडवणाऱ्या या शेडांची वाढ मोजणं, हे तिचं काम. कुणाला किती मागणी आली, किती माणसं लागली, कोणत्या तासाला किती वीज जळली, सगळं तिच्या लॅपटॉपवर उमटायचं.

दसऱ्याच्या सकाळी योगिताचा फोन आला.

“ताई, मशीन गेलं. कुलूप हाय तसंच हाय. आन् लोकं माझ्या मालकालाच चोर म्हनायलेत.”

योगिताचा नवरा सिदू मेंढपाळाघरचा. उसाची मोळी उचलून ट्रकवर टाकणारं यंत्र त्यानं कैक पावसाळे घालून जुळवलं होतं, त्यावर आपलं नाव कोरलं होतं. तसं यंत्र वसाहतीत दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

प्रियदर्शनी पोचली तेव्हा शेडांपुढं बैठक भरली होती. वसाहतीचे अध्यक्ष सुंदरराव खुर्चीत, त्यांचा मुलगा अंगद बाजूला. तिला कुणी बस म्हटलं नाही. सुंदररावांनी निकाल आधीच लावला होता. सिदूनं यंत्र बाहेर विकलं, वर चोरीचा कांगावा केला. दुपारच्या आत त्यानं शेड रिकामं करावं. आगीबिगीसाठी सगळ्या शेडांच्या दुसऱ्या किल्ल्या आपल्या घरी असतात, तिथं परका पोचतो कशाला, असंही त्यांनी सुनावलं.

“मेंढरं सोडून हितं कशापायी आला बे?” अंगद म्हणाला. लोक हसले. सिदूनं मान वर केली नाही.

प्रियदर्शनीनं शेडं बघायला मागितली. कुणी वाट दाखवली नाही. ती एकटीच फिरली.

काल खांडेनवमी. हत्यारांच्या विसाव्याचा दिवस. सकाळी पूजा झाली की वसाहतीत चिटपाखरू उरत नाही. शेडाशेडांत यंत्रांना कुंकवाची बोटं होती, झेंडूचे हार सुकत होते. अंगदच्या मोठ्या ग्राइंडरवर तेवढा हार नव्हता. कुंकू फिसकटलेलं होतं. त्याची आई गीताबाई दारात उभी होती. प्रियदर्शनीशी नजर भिडताच तिनं पदर तोंडाशी नेला.

प्रियदर्शनी बैठकीत परतली.

“पूजेनंतर कुठं होता, अंगदराव?”

“घरी.”

“शेडात काही चालवलं?”

“खांडेनवमीला हत्याराला हात लावतंय का कुणी? तुमाला रीत ठाऊक न्हाई वाटतं.”

“म्हणजे काहीच नाही?”

“बल्ब बी न्हाई.”

प्रियदर्शनीनं लॅपटॉप उघडून पडदा लोकांकडं फिरवला.

“या वसाहतीत सगळ्यात उंच वाढ तुमची, अंगदराव. महिनाभर तुम्ही मोळीयंत्राच्या ऑर्डरी घेताय. पण वीज वाढली नाही, लोखंड वाढलं नाही, माणूस वाढलं नाही. मग यंत्र येणार कुठून? दुसऱ्याच्या शेडातून.”

लोक पडद्यापाशी सरकले.

“कुलूप तुटलं नाही, कारण किल्ली तुमच्या घरातच होती. यंत्रावर सिदूनं नाव कोरलंय. ते घासायला मोठा ग्राइंडर हवा, त्याचा आवाज लई. ऐकायला कुणी नसेल म्हणून तुम्ही खांडेनवमी निवडली. तिथंच चुकलात. एरवी सगळी शेडं चालतात, त्या गर्दीत तुमची वीज मला दिसलीच नसती. काल सगळ्यांच्या विजेच्या रेघा भुईवर निजलेल्या होत्या. तिन्हीसांजेला एकट्या तुमची उभी राहिली. ग्राइंडरचा हार तुमच्याच हातानं उतरला.”

कुणीतरी अंगदकडं बघून थुंकलं. तो मात्र ढळला नाही.

“विजेनं काय शाबीत होतंय? मशीन दाखवा.”

प्रियदर्शनीचे आकडे एवढंच सांगत होते. पुढं मुके होते. सुंदरराव खुर्चीतून उठले. मशीन दाखवा, न्हाईतर सिदूच्या शेडाला आत्ता कुलूप घालतो, असं म्हणत त्यांनी खरंच कुलूप मागवलं. योगिता दाराला पाठ लावून उभी राहिली.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. गीताबाई पुढं आली. नवऱ्यापुढं कधी उंच न झालेला तिचा आवाज आताही हळूच होता, पण सगळ्यांनी ऐकला.

“योगिता, बाजूला हो, माय. मशीन तुझ्या मालकानं इकलं न्हाई.”

“आये, गप,” अंगद म्हणाला.

“आमच्या शेतातल्या आखाड्यावर हाय. कडब्याच्या गंजीखाली. ह्यानं झाकलं, आन् वरून पेंढ्या म्या रचल्या.”