हात लावण्याआधी सांगायचं

त्यांची पहिली भेट टेबलाखाली झाली. म्हणजे तो टेबलाखाली होता. ती वर उभी होती.

सकाळी ती कार्यालयात आली, तेव्हा तिच्या टेबलाखालून दोन बूट बाहेर आलेले होते. बुटांत पाय होते आणि पायांच्या पुढे एखादा माणूस असावा असं मानायला जागा होती. पण तिनं काही मानलं नाही. न मानणं हाच तिचा पेशा होता. विमा कंपनीत आलेले दावे ती तपासायची. लोक रडवेल्या आवाजात सांगायचे, दुकान जळालं. ती विचारायची, जळण्याआधी आत माल होता का? संशय घेण्याचा तिला पगार मिळायचा, आणि ती पगारापेक्षा जास्त काम करणाऱ्यांपैकी होती. कार्यालयात तिला सगळे 'भिंग' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'मॅडम'.

"कोण आहे खाली?"

"दुरुस्तीवाला," टेबल म्हणालं. "नेटवर्क गेलंय ना तुमचं? साहेबांनी बोलावलं."

नेटवर्क गेलं होतं खरं, आणि आदल्या संध्याकाळी तिनंच साहेबांकडे तक्रार केली होती. साहेबांनी ती इतक्या लवकर मनावर घेतली, याचाच तिला पहिला संशय आला.

"मला न विचारता माझ्या मशीनला हात लावलात?"

खालून ठक्‌ असा आवाज आला. मग चष्मा तिरका झालेला, केसांत धूळ माखलेला एक तरुण कपाळ चोळत बाहेर आला. दिसायला बरा होता. भिंगनं तेही लक्षात ठेवलं... त्याच्या विरोधात.

"वायर ठीक आहे," तो म्हणाला. "भिंतीतला पॉइंटही ठीक आहे. पण ही वायर जिथं लागते ते नेटवर्क कार्डच मशीनला दिसत नाहीये. यादीतून नाहीसं झालंय."

"चोरीला गेलं?"

"नाही हो. आतल्या बोर्डावर जागच्या जागी आहे."

"म्हणजे आहे."

"आहे. पण मशीन म्हणतंय, नाही."

"असलं बोलणारे मी रोज बघते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "यापुढे एक नियम. हात लावण्याआधी सांगायचं. काय करताय आणि का करताय, दोन्ही."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. यानं चष्मा सरळ केला, तिच्याकडे पाहिलं—नको तितका वेळ पाहिलं—आणि नियम मान्य केला.

"आता मी माऊसला हात लावतोय. कारण माऊसशिवाय मला काही येत नाही."

"पुढे."

"आता लपलेली उपकरणं दाखव, असं मशीनला सांगतोय. कधीकधी ती रुसून कोपऱ्यात बसतात." कार्ड तिथंही नव्हतं. "आता मशीन बंद करून पुन्हा सुरू करतोय, आणि सुरू होता होता हे बटण दाबतोय. हे आतलं सेटिंग. इथं कार्ड बंद केलेलं असेल तर ते दिसत नाही. पण इथं तर 'चालू' लिहिलंय. वाचा तुम्हीच."

तिनं वाकून वाचलं. त्याच्या खांद्याला साबणाचा साधा वास होता. तो तिनं घेतला नाही, आला.

शेवटी त्यानं मशीन बंद केलं, विजेची वायर उपटली, सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं आणि वायर पुन्हा लावली. कार्ड हजर! नेटवर्क सुरू!

"एवढंच?" भिंगचे डोळे बारीक झाले.

"हल्लीची मशीनं बंद केली तरी पुरती बंद होत नाहीत, मॅडम. झोपेचं सोंग घेतात. त्यात एखादा भाग अडकला, तर सगळी वीज काढून घ्यायची. मग शुद्धीवर येतो."

"आणि अडकला कशानं?"

"ते मात्र कळलं नाही," तो म्हणाला, आणि एका कागदावर आपला नंबर लिहून दिला. "परत गेलं तर थेट मला सांगा."

परत जाणार हे याला आधीच कसं ठाऊक? तिनं तो कागद पुरावा म्हणून पर्समध्ये जपून ठेवला.

हे सगळं शेजारच्या टेबलावरून काका पाहत होते. काका तिथले सगळ्यात जुने कारकून. संध्याकाळी सगळ्यांच्या मागून निघायचं आणि जाताना मेन स्विच पाडायचा, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःकडे घेतलेलं. हल्ली त्यांचा रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी मासे बघत बसायला सांगितलं आणि काकूंनी 'घरात मासे तरी राहतील नाहीतर मी' असं सांगितलं. म्हणून नुकतीच माशांची काचपेटी कार्यालयात आली होती. दोन केशरी मासे होते. दिवसभर तोंड उघडून पाहत राहायचे, साहेबांसारखे.

"मुलगा चांगला आहे हो," काका म्हणाले.

"चांगल्यांचेच दावे खोटे निघतात, काका."

पुढच्या आठवड्यात कार्ड पुन्हा नाहीसं झालं. तो आला.

"मागच्या वेळी काय ठेवून गेला होतात आत?"

"टेंगूळ बरोबर घेऊन गेलो होतो. ठेवलं काही नाही."

"मग हे तुम्ही गेल्यावरच कसं होतं?"

"आधीही झालं होतं की. म्हणून तर आलो." तो हसला. "आता मी खुर्ची थोडी सरकवतोय. कारण तुमच्या कोपराचा धाक वाटतो."

तिनं कॉफी मागवली. एक कप मागवून दुसऱ्याच्या देखत पिणं तपासणीत बसत नाही, म्हणून दोन. तो फुंकर घालत घालत तिच्या जुन्या दाव्यांबद्दल विचारत राहिला. जो माणूस अंगठीसकट बोटच गेलं म्हणून विमा मागायला आला आणि अर्जावर त्याच बोटानं सही करून गेला, त्याच्या गोष्टीवर तो इतका हसला की काकांनी चष्मा काढून पाहिलं. त्या संध्याकाळी भिंगला स्वतःचाच थोडा संशय आला. तिनं तो फेटाळला.

तिसऱ्या वेळी मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. बाहेर धो धो पाऊस होता. तिनं फोन ठेवला आणि कॉफी निवायच्या आत तो दारात उभा. तिनं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट कोरडे! केस कोरडे, छत्री कोरडी. हा माणूस फोन येण्याआधीच इमारतीत होता.

मुरलेले तपासनीस बोलत नाहीत. शेजारी बसून तिनं सगळं पाहिलं. मागच्या दोन वेळी चटकन केलेलं काम त्यानं या वेळी लांबवत नेलं. डबा उघडला, धूळ पुसली, स्क्रू काढले, तेच स्क्रू बसवले. "आता हा स्क्रू फिरवतोय... कारण तो सैल वाटतोय." सैल नव्हता. आणि जाताना तो काचपेटीपाशी थांबला, पेटीच्या वायरीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि प्रथमच, का ते न सांगता, निघून गेला.

तिनं साहेबांची केबिन गाठली. "सर, हा माणूस बिघाड मुद्दाम ठेवतो. परत परत यायला मिळावं म्हणून."

"तुम्हाला असं वाटतं?"

"मला वाटत नसतं, सर. खात्री असते."

साहेबांनी त्याच्या मालकाला फोन केला. त्याला पुन्हा इथं पाठवू नका, असल्या माणसाला ठेवताच कशाला, वगैरे. काचेपलीकडून तिला शब्द ऐकू आले नाहीत. साहेबांचा हलणारा हात मात्र दिसला. दावा निकाली निघाला की तिला नेहमी छान झोप लागायची. त्या रात्री लागली नाही.

मग एका रात्री सगळ्या भागाची वीज गेली. सकाळी ती आली तेव्हा काका पेटीला कवटाळून बसले होते.

"पेटीतला हवेचा पंप बंद पडला होता गं रात्रभर! वाचले बिचारे... वीज जाऊ नये म्हणून किती जपतो मी! हे आल्यापासून मेन स्विचला हात लावलेला नाही."

भिंगचा हात पर्सच्या चेनवर थबकला.

"काका... तुम्ही रोज मेन स्विच पाडायचात ना?"

"पाडायचो. आता कसा पाडणार? पंपाला रात्रभर वीज नको?"

तिनं मशीन सुरू केलं. कार्ड हजर. त्या संध्याकाळी जाताना तिनं आपली वायर उपटून ठेवली. दुसऱ्या दिवशी कार्ड हजर. मग वायर तशीच ठेवून पाहिली. एक दिवस चाललं, दोन दिवस चाललं, आणि मग कार्ड नाहीसं! इतकी वर्षं काका नकळत रोज रात्री मशीनची सगळी वीज काढून घेत होते. ते थांबलं आणि सोंग घेता घेता मशीनला खरीच झोप लागायला लागली. गुन्हेगार दोन होते. दोघेही केशरी.

ती सरळ केबिनमध्ये गेली. "सर, त्याच्या मालकाला फोन लावा. माझ्यासमोर. चूक माझी होती म्हणून सांगा."

साहेबांनी तिच्या तोंडून 'चूक' हा शब्द ऐकला आणि लगेच फोन लावला. पलीकडून कळलं, त्याला कामावरून काढलं नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं होतं. इकडची कामं आता दुसरा माणूस बघणार.

बिघाडाचं कारण सापडलं, उपाय सापडला, रोज जाताना वायर उपटायची. आता तिचं नेटवर्क उत्तम चालत होतं, आणि इतकं उत्तम चालणारं नेटवर्क तिला बघवत नव्हतं. शिवाय एक प्रश्न राहिलाच होता. पेटीच्या वायरीकडे त्यानं पाहिलं का होतं?

एका सकाळी तिनं पर्समधला पुरावा काढला आणि नंबर फिरवला.

"कार्ड नाहीसं झालंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "येतो."

पाऊस होताच. तो आला तेव्हा त्याच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पाणी निघत होतं. तिनं पाहिलं, आणि आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"इकडचं काम तुमच्याकडे नाही आता."

"नाही. रजा टाकून आलोय." तो खुर्चीवर बसला. "आता मी मशीन सुरू करतोय, आणि थेट आतल्या सेटिंगमध्ये जातोय."

"थेट? आधी वायर नाही का उपटायची?"

"नको. तुमचा चेहरा पाहून वाटतंय, हा बिघाड विजेचा नाही." त्यानं बटण दाबलं, पडदा वाचला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "इथं कार्ड 'बंद' केलंय. हे आपोआप होत नाही, मॅडम. कुणीतरी हातानं केलंय."

"संशय कुणावर?"

"काकांवर नाही. त्यांना फॉन्ट मोठा करायलासुद्धा माणूस लागतो. मला हे करताना वाकून वाकून पाहिलेलं माणूस एकच आहे. हा दावा खोटा आहे."

ती लाल झाली. पण हार मानेल तर ती भिंग कसली! "आणि तुमचा? त्या दिवशी बूट कोरडे होते तुमचे."

त्यानं चष्मा काढला. मग ओल्या चष्म्याच्या काचा पुसत म्हणाला, "सकाळपासून खाली जिन्यात उभा होतो. आज-उद्या बिघडेल असा अंदाज होता... वर आलो, पेटीची वायर पाहिली, आता रात्री मेन स्विच पडत नसणार हे लक्षात आलं आणि कारणही कळलं. सांगितलं असतं तर परत यायचं काम उरलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. तुमची तक्रार खरीच होती."

"म्हणजे माझा संशय बरोबर होता?"

"पुरता."

तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं आजवर कुणाही प्रियकराला कबुली देऊन पाहायला मिळालं नसेल. मासे तोंड उघडून पाहत होते. काका माशांकडे पाहत असल्याचं दाखवत होते.

"कार्ड सुरू करू?" त्यानं विचारलं.

"घाई आहे?"

"नाही." तो जरा अडखळला. "मग आता मी... तुमचा हात हातात घेणार आहे."

"कारण?"

"कारण... कार्ड हजर असलं तरी मी येईन, हे तुम्हाला नुसतं सांगून पटणार नाही."

तिनं हात पुढे केला. "घ्या. पण पुढे काय काय करणार, तेही आधीच सांगून ठेवा."

तो सांगत बसला. तिनं मधे मधे शंका काढल्या, त्यानं त्यांचं निरसन केलं. नेटवर्क संध्याकाळी सुरू झालं.